करवती लुगडं अंगावर येईपर्यंत

भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या आमच्या घरात एक सागवानी पेटी आहे आणि मागच्या खोलीत भिंतीला लागून एक मांडणी. पेटीत लुगडी, चोळखण, पटके, लहान मुलांच्या कुंच्या. मांडणीवर काशाच्या थाळ्या, पाण्याचे पितळी गुंड, तांब्याचं घंगाळ, धान्य मोजायची जुनी मापं. माहेरून आलेलं यात थोडंच. बाकी सगळं आसपासच्या गावांत फिरून, ओसरीवर बसून, बोलून जमवलेलं. मला ते विकायचं नाही. नेसायला, वापरायला, दुपारी काढून बघत बसायला आवडतं म्हणून जमवते. हे कसं करता, असं ओळखीच्या बायका विचारतात. एका लुगड्यावरून सांगितलं तर नीट कळेल.

आधी हे सुरू कसं झालं ते सांगायला हवं. वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झालं. पण गावं उठायला पुढची कित्येक वर्षं गेली. बुडीत गावांतली माणसं नव्या पुनर्वसनात जाताना घरांची दारं-चौकटी, छपराची कवेलू, लाकडी मयाली काढून नेत होती. नवीन घरं लहान. जातं कुठे ठेवणार, उखळ कुठे पुरणार, धान्याची ढोली कोणत्या खोलीत मावणार? अंगणात ढीग पडायचे आणि मोडवाल्याचा टेम्पो दिवसभर फिरायचा. पितळ किलोवर जात होतं, लाकूड सरपणात. एका घराच्या ओट्यावर मी एक पितळी गुंड उचलून पाहिला. गळ्याशी टोचून अक्षरं काढलेली होती: बाईचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, गावाचं नाव. ते गाव आता पाण्याखाली आहे. गुंड मी मोडीच्या भावाहून थोडे जास्त देऊन घेतला आणि तेव्हापासून नजर लागली ती लागलीच.

भांड्यांपेक्षा कपड्यांचा शोध अवघड. पितळ मोडीत गेलं तरी एखाद्या दुकानात सापडतं. लुगडं मात्र घरातच संपतं. वरची बाजू विरली की त्याचं दुपटं होतं, दुपट्याची वाकळ होते, वाकळीचं पायपुसणं होतं. म्हणून आमच्या भागात करवती लुगडं धडधाकट मिळणं दुर्मिळ. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. अंग कोशाचं आणि काठ सुती, आणि काठ जिथे अंगाला मिळतो तिथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, ते करवती. आमच्याकडे टसर रेशमाला कोसाच म्हणतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर या रेशमाचे किडे वाढतात. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत ढिवर समाजाची माणसं पिढ्यान् पिढ्या ते पाळत आली. आरमोरी, नागभीडकडून कोसा यायचा आणि मोहाडी, आंधळगाव, पवनी, उमरेड इथले कोष्टी तो विणायचे. दात्यांची ती नक्षी छापलेली किंवा भरलेली नसते. मागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात: दोन्ही काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आणि अंगाचा बाणा जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकवून परत फिरवायचे. पुढे सरकत, मागे येत दाते तयार होतात. त्यामुळे काठ शेवटपर्यंत एकाच रंगाचा, भरगच्च दिसतो. कोशाच्या मधाळ अंगाची छटा त्यात मिसळत नाही. एका वितीला किती वेळ जात असेल ते मागावर बसलेल्या माणसाला पाहिल्याशिवाय कळत नाही.

असं लुगडं मला एका आजींकडे दिसलं. त्यांच्या नातवाच्या लग्नाचं आमंत्रण होतं म्हणून दोन दिवस आधी मदतीला गेले होते. पापड वाळत घालायला त्यांनी पेटीतून एक जुनं कापड काढलं आणि त्याच्या खालीच तो तांबडा काठ दिसला. मी विचारलं, तर म्हणाल्या, "काहाले पायजे वो माय तुले? फाटलं हाये ते. वाकळीत टाकाचं होतं."

मी ते तेव्हा मागितलं नाही. लग्नघरात असं काही मागू नये, आणि घाईत मिळालेली वस्तू नंतर दोन्हीकडे सलते. लग्न झालं, धानाची कापणी झाली, मळणी झाली, मग गेले. मधल्या काळात दोन-तीनदा नुसतीच जाऊन बसले होते. हे मला महत्त्वाचं वाटतं. मोडवाला दारात उभा राहतो, काटा काढतो आणि निघतो. त्याला वस्तू मिळते. मला वस्तूबरोबर ती कोणाची, कधीची, कुठे नेसली तेही हवं असतं आणि ते ओसरीवर बसल्याशिवाय येत नाही.

लुगड्याचं साल आजींना सांगता येईना. पण म्हणाल्या, "नवे पैसे आले तवा माहा मोठा पोरगा कडेवर होता." नवे पैसे, म्हणजे रुपयाचे शंभर, 1 एप्रिल 1957 पासून आले. मुलगा कडेवर म्हणजे लग्न त्याच्या दोन-तीन वर्षं आधीचं. त्या वेळी आमचा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, मुंबई राज्यात गेला तो 1956 च्या नोव्हेंबरात. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, पण कोणतं नाणं चालत होतं, कोणत्या वर्षी नदीला पूर आला, कोण निवडणुकीला उभं होतं, हे पक्कं सांगतात. तेवढ्यावरून बरंच जुळवता येतं. लुगडं त्यांच्या वडलांनी आंधळगावच्या कोष्ट्याकडून विणून आणलेलं. सासरी पहिल्या पोळ्याला नेसल्या, मग मुलाच्या बारशाला, मग दिराच्या लग्नात. नंतर सहावारी पातळं आली आणि ते पेटीत गेलं.

सुनांना विचारलं. घरातल्या दोन्ही सुनांचं आणि लेकीचं हो असल्याशिवाय मी कपडा घेत नाही. लेक म्हणाली, तिला आईची एक चोळी आहे, ती पुरे. मग आजींनी लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "नेसशीन तं ने. पेटीत ठेवाले नेत असशीन तं राहू दे." मी नेसते म्हणून सांगितलं. पैसे घेईनात. एक नवं सुती नऊवार आणि नारळ देऊन मी त्यांची ओटी भरली, त्यांनी माझी भरली. माझ्या जमवण्याचा सगळा हिशोब त्या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. वापरायचं नसेल तर घ्यायचं नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम ओळखीचं. ते खरंच कोशाचं आहे याची मला खात्री होती, तरी पदराच्या दशीतून एक धागा काढून जाळला. केस जळल्याचा वास आला आणि राख चिमटीत चुरली. काठाचा धागा जाळला तर कागद जळल्यासारखा वास, म्हणजे सूत. उलट बाजूने काठ पाहिला. दाते दोन्ही बाजूंनी सारखेच स्वच्छ. अंगातला धागा कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गाठ. जुना कोसा हाताने, बहुधा मांडीवर वळून काढलेला असायचा, म्हणून तो असा जिवंत दिसतो. किनारीला ठरावीक अंतरावर बारीक भोकं आहेत. मागावर कापड रुंदीत ताणून धरायला टोकदार काडी लावतात, तिच्या खुणा. हातमागाचा हा पुरावा कोणी मुद्दाम तयार करत नाही, म्हणून मी त्यावर जास्त विश्वास ठेवते.

मग धुणं. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे, साबणाचा फेस येत नाही. म्हणून पावसाळ्यापर्यंत थांबले आणि अंगणात गंज, म्हणजे मोठी पातेली, मांडून पावसाचं पाणी धरलं. काठाच्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघितलं, रंग उतरत नव्हता. रिठे बी काढून रात्रभर भिजवले, पाणी गाळून घेतलं, त्यात लुगडं फक्त दाबत-सोडत राहिले. चोळायचं नाही, पिळायचं नाही, उचलायचं तर खाली चादर घालून चादरीसकट उचलायचं. ओल्या कोशाला स्वतःचा भार सहन होत नाही. पहिलं पाणी गडद चहाच्या रंगाचं निघालं. तिसऱ्या-चौथ्या पाण्यात अंगाचा मूळ रंग वर आला आणि मी कितीतरी वेळ तिथेच उकिडवी बसून बघत होते. वाळवायला खाट, खाटेवर जुनं धोतर, त्यावर लुगडं पसरून ओसरीच्या सावलीत. आमच्याकडचं ऊन कोशाला मारतं.

फाटलेलं होतं ते घड्यांवर. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड त्या रेघेवरच तुटतं. पदराजवळ दोन ठिकाणी आणि मध्ये एक लांब चीर. रफूगर मिळाला असता, पण त्याची घट्ट वीण जुन्या कापडाला पेलत नाही, शेजारचं कापड फाडते. मी जुन्या मलमलीचा तुकडा खालून लावला, मोहाडीकडच्या एका कोष्टी दादांनी दिलेला उरलेला कोशाचा धागा चिरेवर आडवा टाकला आणि बारीक सुईने लहान टाके घालून तो जागेवर बसवला. संध्याकाळच्या उजेडात हे काम होत नाही. रविवारी सकाळी, दारात बसून, थोडं थोडं. जुन्या करवतीचे काठ कापून नव्या कापडाला लावायची, झोळ्या शिवायची पद्धत आहे. चिंध्या झालेल्या लुगड्याचं तसं करावं, मीही केलंय. पण नेसता येण्यासारखं लुगडं कापू नये असं माझं ठाम मत आहे.

नेसायचं कसं, हेही शिकावं लागलं. मी सहावारीत वाढलेली. गल्लीतल्या मावशींनी कास्टा, म्हणजे मागे खोचायचा काचा, घालायला शिकवलं आणि एक मोलाची गोष्ट दाखवली: दुरुस्तीचा भाग निऱ्यांमध्ये येईल अशी सुरुवात धरायची, कास्ट्यात येऊ द्यायचा नाही, कारण ताण सगळा तिथे. पिना अजिबात लावत नाही. आणि अशा लुगड्यात मांडी घालून फार वेळ बसत नाही, गुडघ्यावर तटतं.

नेसून गेले ती मंडईला. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, गावोगावी पाळीपाळीने मंडईची जत्रा भरते, लेकी-जावई येतात, दिवसा दुकानं आणि दंडारीचा लोकनाट्याचा खेळ, रात्री नाटक. गर्दीत एका म्हातारीने सरळ काठच धरला. "कोशाचं हाये का वो? करवत हाये ना हे?" मग तिच्या मैत्रिणी आल्या. कोणाच्या सासूकडे असं काळ्या काठाचं होतं, कोणी आईचं तसंच लुगडं तिच्यासोबत सरणावर दिलं, कोणाला मागावर धाग्याच्या कांड्या भरून द्यायचं बालपणीचं काम आठवलं. नाटक सुरू झालं तरी आम्ही भज्यांच्या दुकानाशी उभ्याच. त्या एका दिवसात मला दोन चोळखण, एक कुंची आणि एका न पाहिलेल्या गावाचं आमंत्रण मिळालं. आजी त्या मंडईला नव्हत्या. दुसऱ्या दिवशी लुगडं नेसूनच त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला गोल फिरायला लावलं, मागून कास्टा नीट केला आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

कुंचीबद्दल थोडं सांगायलाच हवं. लहान बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायचं ते टोपडं. आईच्या लुगड्याच्या उरल्यासुरल्या खणातून शिवतात, कडेला गोट, टोकाला घुंगरू किंवा कवडी. माझ्याकडच्या एका कुंचीचं अस्तर मिलच्या जाड कापडाचं आहे आणि त्यावर निळ्या शिक्क्याची अर्धी अक्षरं उरलीत, 'एम्प्रेस' एवढं वाचता येतं. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1877 च्या 1 जानेवारीला सुरू केली होती. वऱ्हाड-नागपूरचा कापूस तिथे जायचा आणि कापड होऊन खेड्यात परत यायचा. वरचा खण हातमागाचा, आतलं अस्तर मिलचं. वरचं दिसायला, आतलं टिकायला. ज्या कोणा बाईने ते शिवलं तिला कापड कळत होतं.

वाकळी मी फार घेत नाही, जागा लागते. पण कोपरा उसवलेली वाकळ दिसली की आत डोकावते. वरचं पातळ, त्याखाली दुसरं, त्याखाली कधी एखाद्या लुगड्याचा काठ. एकीत तळाशी करवतीचा तुकडा निघाला. उसवून तो काढायचा मोह होता. तसाच राहू दिला. थंडीत ती पांघरते.

भांड्यांचं काम कपड्यांच्या मानाने सोपं. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध, त्यामुळे आमच्या भागात चांगली घडण मिळते. काशाची थाळी बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारली की नाद लांबत जातो. पितळेचा लवकर विझतो. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण 78 आणि 22 टक्के. पितळेत तांब्याबरोबर जस्त. कासं पडलं तर चिरतं, म्हणून जुन्या थाळीची कड बोटाने पूर्ण फिरवून बघायची. पितळी गंज घेतला तर कल्हई करूनच स्वयंपाक. कल्हईवाले आता कमी झालेत. आठवडी बाजारात एक काका येतात. भाता चालवून भांडं तापवतात, नवसागराची चिमूट टाकतात, धूर निघतो, कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसतात आणि आतली बाजू एका क्षणात पांढरी होते. त्या गंजात केलेली तुरीच्या डाळीची आमटी मला कुकरपेक्षा आवडते, घरच्यांनाही. एक सांगते, भांडं रोज चिंचेने आणि पावडरने घासून सोन्यासारखं करू नका. टोचलेली नावं अशानेच पुसट होतात. वर्षातून एकदोनदा पुरे, एरवी राखेने हलक्या हाताने.

चांदीचं थोडंच आहे. एक रुपयांची माळ आहे, कलदार रुपये जोडून केलेली. नाण्यावरची सालं वाचली की माळ कधीच्या पुढची ते कळतं. जुन्या रुपयात सुमारे 92 टक्के चांदी असायची, 1940 पासून ती निम्म्यावर आली. माळेतलं एकही नाणं 1940 नंतरचं नाही. सोनाराने वितळवून नवीन पैंजण करून देतो म्हटलं होतं. मी ती हरतालिकेला घालते. चांदीचा भाव बघता यापुढे फार काही घेता येईल असं वाटत नाही. हस्तिदंताच्या फणीला एकदा नाही म्हटलं, त्याची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे. देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती तर कोणी दिल्या तरी घेत नाही, त्या त्यांच्या घरातच पुजल्या जाव्यात.

घरात ठेवायचं तर उन्हाळ्यात कोरडं आणि पावसाळ्यात दमट, दोन्हीशी झुंज असते. लुगड्याला खळ ठेवत नाही, खळीवर कसरीची कीड येते. वर्तमानपत्रात गुंडाळत नाही, प्लास्टिकच्या पिशवीत तर नाहीच. जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून, कडुलिंबाचा वाळला पाला आणि वेखंडाचे तुकडे वेगळ्या पुरचुंडीत. दसऱ्याला आणि होळीला सगळं बाहेर काढते, सावलीत वारा देते आणि नव्या जागी घडी पाडते. प्रत्येक वस्तूला सुती नाडी टाकून शिसपेन्सिलीने नंबर लिहिलाय. वहीत त्या नंबराखाली गाव, घर, कोणी वापरली, काय सांगितलं, दुरुस्ती काय केली. काही बायकांनी नाव लिहू नका म्हटलं, तिथे फक्त गाव आहे.

आता मोहाडीकडच्या त्याच कोष्टी दादांना मी नवं करवती नऊवार विणायला सांगितलंय. आजींचं लुगडं त्यांना दाखवलं. त्यांनी भिंग घेऊन काठातले धागे मोजले, दात्यांची उंची सुतळीने मापून घेतली आणि म्हणाले, आता सगळे सहावारीच मागतात, नऊवाराचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लावून बरीच वर्षं झाली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, ताणा तेवढा लांब घ्यावा लागणार. विसार दिलाय. कोसा आरमोरीकडून यायचा आहे. तांबड्या सुताचा रंग ते आधी उकळून पाहणार, आणि पक्का निघाला नाही तर काठ काळा करायचा असं आमचं ठरलंय.